पौषातले अडीच दिवस

तुळशीची लग्नं लागली आणि फोन सुरू झाला. आमच्या उरणच्या बाजूला लग्न ठरलं की आधी हळदीची तारीख धरतात, आणि हळदीची तारीख धरली की भटजींच्याही आधी डीजेवाल्याला फोन जातो. ही माझी बढाई नाही, रीतच आहे तशी. लग्न काय, दुपारी हॉलमध्ये दोन तासांत उरकतं. हळद मात्र अख्ख्या गावाची. म्हातारी माणसंसुद्धा गुडघे विसरून नाचतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गुडघ्यांना तेल लावत बसतात. वीस वर्षं मी हे बघतोय. यंदाही फोन वाजायला लागला आणि मला गेल्या वर्षीचा मोसम आठवला. त्या मोसमात मला कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय बहुतेक सगळ्यांना माहीत होती.

डीजेवाल्याचा कान गेला की त्याच्याकडे उरतं काय? टेम्पो, स्पीकरची खोकी आणि वायरी. त्या कोणाकडेही असतात. म्हणून ही गोष्ट मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हतो. नव्हतो म्हणजे काय, मला खरंच कळलं नव्हतं. डोळ्यांचं बरं असतं, दिसेनासं झालं की माणूस ठेचकाळतो. कानाचं तसं नाही. जे ऐकू येत नाही ते आहे हेच कळत नाही. त्या पावसाळ्यात मी घरात सांगत होतो की यंदा डास कमी आहेत. आई माझ्याकडे बघत राहिली, तिच्या हातात मच्छरदाणी होती. तन्वी, माझी मुलगी, दहा वर्षांची, मला हाक मारायच्या आधी खांद्यावर टिचकी मारायला लागली होती. मला वाटायचं, पोरगी लाडात आलीय.

आमच्या धंद्यात आवाजाचे दोन भाग धरतात. खाली बेस, वर टॉप. बेस म्हणजे तो धडधडणारा, जमिनीतून पायात चढणारा. टॉप म्हणजे झांजा, टाळ्या, बाईच्या गळ्यातली धार, गाण्याचे शब्द ज्यानं सुटे सुटे होतात तो. मिक्सरवर दोघांची वेगवेगळी बटणं असतात, ती फिरवून मेळ बसवायचा. त्याला शिक्षण लागत नाही, कान लागतो. तो मला होता. खाडीच्या पलीकडून लोक सांगायचे की आज नंदूचा डीजे आहे, आवाज स्वच्छ आहे. या एका शब्दावर मी जगलो. स्वच्छ.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मात्र मला माझाच आवाज गढूळ वाटायला लागला. गाणी गोधडीखालून आल्यासारखी यायची. मी स्पीकर उघडून पुसले, वायरी बदलल्या, दुकानदाराशी भांडलो. शेवटी सोपा उपाय काढला, टॉप वाढवला. थोडा वाढवला की बरं वाटायचं. मग आठवड्यानं अजून थोडा. बायका कानांत कापूस घालून हळदीला यायला लागल्या, तर मी म्हणायचो, हल्ली लोकांना आवाजाची सवयच राहिली नाही.

आमच्यात नवरा हळदीच्या पाटावर बसला की धवलारीण धवले म्हणते. देवांना, पितरांना, शेजारच्या गावांना हळदीचं बोलावणं करायची ती जुनी गाणी. तेवढा वेळ डीजे बंद ठेवायचा. एका हळदीला आमची हौसाबाय धवले म्हणून झाल्यावर काठी टेकत सरळ माझ्यासमोर आली. "तुजा डीजे चावतंय रं पोरा," म्हणाली. मी हसलो. म्हटलं, आजी, तुझे कान म्हातारे झाले. ती माझ्या कानाकडे बघून निघून गेली. आता आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्याच महिन्यात दर्शना माझ्याबरोबर यायला लागली. दर्शना माझी बायको. घरी ब्लाउज शिवते, आणि लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसते. बारा वर्षांत कधी माझ्या कामाच्या जागी फिरकली नव्हती. ती म्हणाली, मशीनवर बसून बसून पाठ धरलीय, तन्वीला आई बघतील, जरा बाहेर पडते. मी खूश झालो. तिच्यासाठी मिक्सरच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची टाकली, वर टॉवेल अंथरला. ती मांडीवर पर्स घेऊन बसायची, आणि मी सेटिंग लावून मांडवात चक्कर मारायला जायचो. यजमानाशी हात मिळवायचा, वडे-मटणाचं ताट बघायचं, नाचणाऱ्यांत जरा खांदे उडवायचे. परत यायचो तर ती तशीच बसलेली. एवढ्या गोंगाटात शांत बसलेलं माणूस बघून मला तिचं कौतुक वाटायचं. बायकोला आपलं काम आवडायला लागलं, या भ्रमात मी तो महिना काढला.

मग पौष आला. पौषात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. डीजेवाल्याचा हा महिना खोकी रंगवण्यात आणि झोपा काढण्यात जातो. दर्शनानं एक दिवस जेवताना ताटासमोर विमानाची तिकिटं ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी चेन्नई, रविवारी रात्री परत. राजम आंटीनं बोलावलंय म्हणाली.

राजम आंटी म्हणजे दर्शनाचं जुनं गिऱ्हाईक. तिचा नवरा इथल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, वीस वर्षं ती इथल्या कॉलनीत राहिली. दर्शनानं तिचे ब्लाउज शिवले, तिच्या दोन मुलींच्या लग्नातलेसुद्धा. नवरा निवृत्त झाल्यावर दोघं गावी परत गेली, पण आंटीचा फोन दर महिन्याला यायचा. तिकडेही हा महिना लग्नाला चालत नाही. मार्गळी म्हणतात ते त्याला. पण ते लोक आमच्यासारखे झोपा काढत नाहीत. महिनाभर सकाळ-संध्याकाळ गाणं ऐकतात, आणि गाणं ऐकून झालं की तिथेच मांडवात पानावर जेवतात. मी म्हटलं, जाऊ या. तिकडचे ढोल-ताशे ऐकू, एखादा नवा ठेका मिळाला तर माघातल्या हळदींना लावू. आमच्या लाईनमधल्या कोणाकडे तो नसेल. दर्शना हो म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

शनिवारी पहाटे आंटीनं उठवलं. मैलापूरला तिचं घर, गल्लीत प्रत्येक दारासमोर बाया वाकून पांढऱ्या पिठाच्या रांगोळ्या काढत होत्या. दर्शना एका म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि तिची बोटं बघत राहिली. ब्लाउजच्या पाठीवर हे डिझाइन कसं बसेल याचा हिशेब तिच्या डोक्यात चालला असणार, मी ओळखतो तिला. देवळाच्या दारात सनई आणि ढोल चालला होता. त्यांची सनई आमच्या सनईच्या दुप्पट लांब, आणि ढोलवाल्यानं उजव्या हाताच्या बोटांना टोपणं चढवलेली. तो ढोल थेट माझ्या पोटात आला. वीस वर्षांत एवढा बेस मी कुठल्या खोक्यातून काढला नसेन, आणि तोही विजेच्या वायरीशिवाय. मी मोबाईल काढून सगळं रेकॉर्ड केलं. ढोलवाल्यानं मला बघून एक तुकडा मुद्दाम दोनदा वाजवला. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो. मी त्याला छातीला हात लावून दाखवला.

त्यानंतर आंटीनं आम्हाला पोंगल खायला घातला. पोंगल म्हणजे तांदूळ आणि मुगाचा मऊ भात, वरून मिरे आणि तुपात तळलेले काजू. आजारपणात आई मला करायची त्याच्या जवळचाच, पण श्रीमंत. मी समुद्राकाठचा माणूस, मासळीशिवाय दोन दिवस म्हणजे मला उपवास. तरी दोनदा मागून घेतला. नंतर समुद्रावर गेलो. आमच्याकडे सूर्य समुद्रात जातो, तिथे तो समुद्रातून येतो. डोक्यावर आलेला होता, तरी मला उगाच वाटत राहिलं की आपण उलट्या बाजूनं उभे आहोत. दर्शना वाळूत बसून काहीतरी बोलत होती. वारा होता. मी हो हो म्हणत होतो.

संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये गाण्याला गेलो. तिथे मी जे केलं ते डीजेवाल्याशिवाय कोणी करणार नाही. आंटी आणि दर्शना पुढे बसल्या आणि मी मागे, आवाज सांभाळणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलो. सुकडा, कपाळावर भस्म, शांत माणूस. मी त्याला माझ्या सेटअपचे फोटो दाखवले, बारा खोक्यांची भिंत, वर लाइटा. त्यानं मान हलवून दाद दिली. गाणं सुरू झालं आणि मला राहवेना. बाईचा आवाज मला दाराआडून येत होता, व्हायोलिन तर कुठल्या कुठे. मी खुणेनं सांगितलं, टॉप कमी आहे. तो हसला, मान हलवली. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर पाहुणा म्हणून असेल, पण तो जरा बाजूला सरकला आणि मी बटणाला हात घातला. घातला तो घातला, चांगला घातला.

पुढच्या चार रांगांनी कान झाकले. एका म्हाताऱ्यानं मागे वळून असं बघितलं, जसा काही मी त्याचा खिसा कापला. गाणाऱ्या बाईनं ओळ अर्धवट ठेवून तळहात वर केला. भस्मवाल्यानं माझा हात हळूच उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि बटण जागेवर आणलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. पुढून आंटीनं वळून बघितलं. दर्शनानं वळून बघितलं नाही. मध्यंतरात कॅन्टीनमध्ये इडली खाताना मी दोघींना समजावलं की या लोकांना नाजूक आवाजाची सवय, आपलं मोकळ्या मैदानातलं काम वेगळं. आंटी म्हणाली, हां हां नंदू, और थोडा चटणी लो.

रविवारी सकाळी आंटीच्या चुलतभावाच्या घरी बैठक होती. वरच्या माळ्यावर सतरंज्या टाकलेल्या, चाळीसेक माणसं, आणि कोपऱ्यात नजर फिरवली तर ना माइक, ना स्पीकर, ना वायर. आंटी म्हणाली, आमच्याकडे पूर्वी असंच ऐकायचे. मला तिनं हाताला धरून अगदी पहिल्या ओळीत बसवलं. मला वाटलं, लांबून आलेल्या पाहुण्याचा मान.

गाणारी सत्तरीची. बाजूला मृदंगवाला, दुसरीकडे एक तरुण मुलगी व्हायोलिन घेऊन. माझ्यापासून पाच हातांवर. मृदंग वाजला तो मला स्वच्छ आला, त्याची डावी बाजू तर पोटात बसली. गाणाऱ्या बाईचा आवाजही यायचा, मधूनच लपायचा, परत यायचा. मग बाई थांबली आणि व्हायोलिनची पाळी आली. सुरुवात मला ऐकू आली. मुलीची बोटं तारेवरून वर वर सरकत गेली आणि आवाज बारीक होत होत थांबला. मी टाळी वाजवायला हात उचलले. पण तिचा हात थांबला नव्हता. गज चालूच होता, खाली, वर, परत खाली. बोटं थरथरत होती. लोकांच्या माना हलत होत्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे मिटून हवेत बोट फिरवलं. मी गजाकडे बघत होतो, तो तारेला लागत होता, हे मला दिसत होतं, आणि आवाज नव्हता. आधी मला त्या मुलीचा राग आला. मग वाटलं, ही त्यांची काही रीत असेल, मुक्यानं वाजवायची. माणूस काय काय विचार करतो बघा, पण खरं ते करत नाही.

मी दर्शनाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

मी तिच्याकडे झुकून विचारलं, "वाजतंय का?"

ती म्हणाली, "वाजतंय."

तिनं माझा हात मांडीवरून उचलला आणि तळहातावर बोट टेकवलं. मुलीचा गज जसा जाईल तसं ती बोट फिरवत होती. हळू, मग थांबून, मग परत वर. मला कळलं की हा सूर. मला चाळीस माणसांत रडायचं नव्हतं, म्हणून मी मृदंगवाल्याकडे बघत बसलो. पण हात सोडवून घेतला नाही. आजही त्या दिवशी त्या मुलीनं काय वाजवलं ते मला माहीत नाही. तळहाताला माहीत असेल.

गाणं संपल्यावर खाली पंगत होती. केळीचं पान, भात, सांबार, भोपळ्याचं दह्यातलं काहीतरी, आणि शेवटी रसम. मी पानावर वाकून बसलो होतो, कोणाशी नजर भिडवायची नव्हती. रसम पानावरच्या भातावर वाढतात आणि ते चारी बाजूंना पळतं. सवय नसलेल्या माणसाची धांदल होते. आंटीच्या म्हाताऱ्या नवऱ्यानं माझ्या भाताला बोटांनी आळं करून दिलं आणि रसम त्यात अडवलं. आंबट, तिखट, गरम. आमच्या कोकमाच्या साराचं लांबचं भावंड असेल. डोळे पुसले ते तिखटावर खपवलं, हे त्या रसमचे उपकार.

दुपारी मी आणि दर्शना देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. ती माझ्या उजवीकडे, अगदी टेकून बसली. आता कळतं, उजवा कान जरा बरा आहे माझा, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, गणपतीपासून. मग तिनं एकेक सांगितलं. मी मिक्सर सोडून मांडवात गेलो की ती खुर्चीवरून उठायची आणि टॉप खाली आणायची. मी परत येऊन वाढवायचो, मी गेलो की ती परत खाली आणायची. बावीस हळदी. बटण कुठवर आणायचं ते तिला दुकानदारानं समजावलं होतं, आणि चुकू नये म्हणून तिनं मिक्सरवर लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला होता. यजमानांची बोलणी ती परस्पर ऐकून घ्यायची. हौसाबायला तर घरी जाऊन सांगून आली होती की त्यांना काही बोलू नका, मी बघते. राजम आंटीशी फोनवर तीच रडली होती, आणि आंटीनंच सांगितलं की नवऱ्याला इथे घेऊन ये, जिथे स्पीकर नाही तिथे बसवू, त्याचं त्याला कळू दे.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, उपकार वाटायच्या आधी रागच आला. अख्ख्या गावाला माहीत, दुकानदाराला माहीत, चेन्नईतल्या आंटीला माहीत, आणि मी बारा खोक्यांच्या पुढे छाती काढून उभा. मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं. स्वयंपाकघरात. तुम्हाला ऐकू न्हाय आलं."

ती चिडून नाही बोलली. जेवण झालं का विचारावं तशी बोलली. तळ्याच्या पाण्यावर बदकं होती, एक म्हातारा पायऱ्यांवर चणे फेकत होता, आणि मला ते दोन्ही वेळचे प्रसंग आठवायचा प्रयत्न करूनही आठवेनात. कसे आठवणार? माझ्या बायकोनं सगळा धीर गोळा करून मला आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट सांगितली असेल, आणि मी मागे पेपर वाचत हो हो म्हणालो असेन. मी म्हणालोच असणार. तिसऱ्यांदा सांगायचं तिला धाडस झालं नाही. मोठ्यानं ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे, असं तिला वाटलं.

परत आल्यावर मी सामानाच्या खोलीत जाऊन मिक्सरवरचं कापड काढलं. ठिपका होता. तिळाएवढा. महिनाभर माझी बोटं त्याच्यावरून फिरली होती आणि मी तो बघितला नव्हता. म्हणजे डोळ्यांचंही मी उगाच कौतुक करतो.

पनवेलच्या डॉक्टरनं मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावून टूं टूं ऐकवलं आणि कागदावर एक रेघ काढून दिली. डावीकडे सरळ चाललेली रेघ मध्येच घसरगुंडीवरून गेल्यासारखी खाली गेली होती. तो म्हणाला, इथपर्यंत तुम्ही चाळिशीचे आहात, इथून पुढे ऐंशीचे. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा. खोक्यांपासून लांब राहा आणि यंत्र लावा. मी कागद घडी करून खिशात घातला. खोक्यांपासून लांब राहतो म्हटलं. यंत्राचं बघू म्हटलं.

माघातल्या पहिल्या हळदीला मिक्सरवर दर्शना उभी राहिली. खुर्चीत बसली नाही, उभी राहिली. यजमानाचा भाऊ माझ्याकडे आला, नंदूशेठ, वहिनी काय करतात तिथे? मी तयारी करून गेलो होतो, की सांगेन पाठ दुखते, हात दुखतो. पण तोंडातून निघालं की मला कमी ऐकू येतं, सेटिंग तीच बघते, बरेच दिवस तीच बघते. तो हसला, त्याला वाटलं चेष्टा. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, बरं बरं, चालू द्या. एवढंच. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. कोणाला काही पडली नव्हती, लोकांना नाचायचं होतं. मी मांडवाच्या टोकाला, जिथे वडे तळतात तिथे जाऊन उभा राहिलो. वीस वर्षांत मी हळद तिथून कधी बघितली नव्हती. चेन्नईच्या ढोलाचा तो तुकडा दर्शनानं मध्येच लावला आणि बायका दोन पावलं चुकल्या, मग हसून त्याच्यावर नाचायला लागल्या. कोणीही कानाला हात लावला नाही. आवाज स्वच्छ होता, असं लोक म्हणाले. मला तो गढूळच आला. हे दुःख आहे, आणि ते आहे म्हणून सांगायला मला आता लाज वाटत नाही.

यंत्राला मात्र मी वर्षभर टाळलं. म्हाताऱ्यांची वस्तू, लोक हसतील, घामानं खराब होईल, पावसात भिजेल. पोरीनं टिचक्या मारल्या, आईनं सुनावलं, दर्शना मिक्सर सांभाळत राहिली. शेवटी या दिवाळीच्या आधी मीच गेलो आणि घेऊन आलो. वाटाण्याएवढं आहे. पहिले आठ दिवस मी वैतागलो. पंखा किरकिरतो, पिशव्या कडकड वाजतात, माझ्याच पायांतल्या चपला माझ्या मागे लागतात. डासही आहेत म्हणे घरात, भरपूर आहेत. राजम आंटीला फोन करून सांगितलं की लावलं. ती म्हणाली, गुड, अब डिसेंबर में फिर आओ, वो लडकी फिर बजाएगी. मी येतो म्हटलं. ऐकू येईल की नाही त्याची खात्री नाही. डॉक्टरही देत नाही.

काल यंदाची पहिली हळद झाली. मी मांडवाच्या टोकाला, दर्शना मिक्सरवर. आज सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली, कारण शिवणाची गिऱ्हाइकं दहाला येतात. मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर घेऊन बसलो होतो. तिची पाठ माझ्याकडे होती. तिनं चहाचं आधण ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं, आणि ओट्याला दोन्ही हात टेकून पातेल्यातल्या पाण्याला म्हणाली, "दमले बाई मी."

माझ्यासाठी नव्हतंच ते. अगदी हळू, श्वासाबरोबर सुटलेलं. बारा वर्षांत याच आवाजात, याच ओट्याशी, ती हे किती वेळा म्हणाली असेल, आणि माझे कान धड होते तेव्हा तरी मी ते ऐकलं होतं का, कोण जाणे. मी पेपर ठेवला, उठलो आणि तिच्या हातातली साखरेची बरणी काढून घेतली.

ती दचकली. वळली. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या कानाकडे.

"ऐकू आलं तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. "बस तू."